हेपॅटायटिस सी गेला, मग लिव्हरची तपासणी कधीपर्यंत? बेळगाव सीमाभागातल्या पेशंटसाठी सविस्तर मार्गदर्शन

“निगेटिव्ह आलंय की वो, आता परत पोट कशाला दाखवायचं?” लॅबच्या काउंटरवर बसणाऱ्याला हा प्रश्न सारखा ऐकू येतो. मी बेळगावात अशाच एका लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही. पण रिपोर्ट रोज हाताखालून जातात, आणि कुठल्या कागदाकडे लोक बघतच नाहीत ते दिसतं.

२८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी दवाखान्यात हेपॅटायटिस सीच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, सगळीकडच्या लोकांनी बारा-बारा आठवडे त्या घेतल्या. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त लोकांचा विषाणू या गोळ्यांनी कायमचा जातो. एवढं यश फार थोड्या औषधांना मिळालंय. पण विषाणू गेला म्हणून प्रत्येकाला फाइल माळ्यावर टाकता येत नाही. काहींना येते, काहींना अजिबात नाही. तुम्ही यातले कोण, हे आधी ठरवायचं आणि मग त्याप्रमाणे चालायचं.

धोका उरतो तो कशामुळे

हेपॅटायटिस सी वीस-तीस वर्षं गुपचूप बसून राहतो. रक्तपेढीत याची तपासणी सक्तीची होण्याआधी, म्हणजे ढोबळमानाने २००० च्या आधी रक्त चढवलेले, एकच सुई उकळून गावभर इंजेक्शन दिली जायची त्या काळातले, डायलिसिसवरचे असे लोक आमच्याकडे जास्त दिसतात. इतकी वर्षं लिव्हरला सूज, सुजेनंतर वण, वणावर परत सूज. शेवटी लिव्हर कडक आणि गाठाळ होतं. तो सिरोसिस. कॅन्सर उगवतो तो बहुतेक वेळा अशा वणाच्या जमिनीतच. गोळ्या विषाणूला हाकलतात. वण भरायला वर्षं लागतात आणि कित्येकदा ते पूर्ण भरतही नाहीत.

सिरोसिस असून हेपॅटायटिस सीवर उपचार घेतले नाहीत तर वर्षाला साधारण शंभरात दोन ते चार जणांना लिव्हरचा कॅन्सर होतो. विषाणू गेला की हा धोका बराच कमी होतो. उरतो तो शंभरात एक-दोन. कमी वाटतं, पण हा हिशोब दर वर्षी नव्याने लागू होतो.

मध्यंतरी, २०१६ साली, स्पेनमधल्या डॉक्टरांच्या एका अहवालावरून ओरड झाली होती की या गोळ्यांमुळेच कॅन्सर उलटतो. पुढे मोठमोठे अभ्यास झाले आणि गोळ्यांवरचा तो आरोप टिकला नाही. अजूनही कुणीतरी मोबाइलवर ती जुनी बातमी दाखवतं आणि गोळ्या घ्यायला घाबरतं. घाबरू नका. विषाणू ठेवण्यापेक्षा घालवणं कधीही चांगलं. फक्त ज्यांना लिव्हरचा कॅन्सर आधीच होऊन गेलाय, त्यांनी गोळ्या कधी सुरू करायच्या आणि नंतर किती दिवसांनी स्कॅन करायचा हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. त्यांच्यात गाठ परत येण्याचा धोका मुळातच मोठा असतो आणि खालचं सहामाही वेळापत्रक त्यांना पुरत नाही.

पायरी १: विषाणू खरंच गेलाय, याचा कागद हातात घ्या

गोळी संपली त्या दिवशीचा रिपोर्ट चालत नाही. शेवटच्या गोळीनंतर बारा आठवडे झाल्यावर जी ‘एचसीव्ही आरएनए’ तपासणी होते (रक्तात हेपॅटायटिस सीचा विषाणू स्वतः आहे का ते बघणारी), तीत ‘नॉट डिटेक्टेड’ आलं तर विषाणू गेला. बरेच जण या तपासणीला येतच नाहीत. गोळ्या संपल्या, बरं वाटलं, ऊसतोड लागली, राहून गेलं. वर्ष-दोन वर्षं झाली असली तरी आता करून घ्या. उशिरा केली तरी चालते.

इथे एक घोळ नेहमी होतो. मोतीबिंदूच्या नाहीतर हर्नियाच्या ऑपरेशनआधी हॉस्पिटलात झटपट किटवर तपासणी होते आणि परत ‘एचसीव्ही रिअॅक्टिव्ह’ येतं. घरचे हादरतात, ऑपरेशन पुढे ढकललं जातं. ते किट अँटिबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेलं प्रथिन, बघतं, आणि अँटिबॉडी विषाणू गेल्यावरही बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहते. आरएनएचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला की विषय तिथेच संपतो. म्हणून त्याच्या दोन झेरॉक्स फाइलमध्ये आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

मात्र ही अँटिबॉडी संरक्षण देत नाही. दुसऱ्याचा वस्तरा, जत्रेतलं गोंदण, वापरलेली सुई यातून नव्याने लागण होऊ शकते. पुढे कधी एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढली तर पुन्हा आरएनएच करायची, किट नको.

पायरी २: गोळ्या सुरू होण्याआधी लिव्हर कसं होतं ते शोधा

सगळ्या लेखात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक चुकतात तेही इथेच. पुढची तपासणी लागणार की नाही हे ठरतं ते उपचाराच्या *आधीच्या* अवस्थेवरून. आजच्या चांगल्या रिपोर्टवरून ते ठरत नाही.

जुन्या पिशव्या काढा. साडीच्या दुकानाची पिशवी, देवघराखालचा डबा, पत्र्याची ट्रंक, जिथे असतील तिथून. त्यात पुढच्या गोष्टी बघा.

सोनोग्राफीचा रिपोर्ट: ‘कोर्स एकोटेक्श्चर’, ‘सरफेस नोड्युलॅरिटी’, ‘स्प्लीनोमेगाली’, ‘असायटिस’ यातला एखादा शब्द असेल तर लिव्हर कडक झाल्याचा संशय धरायचा. पोर्टल व्हेन रुंद असल्याची नोंद असेल तर तीही डॉक्टरांना दाखवायची.

फायब्रोस्कॅन: लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. आकडा ‘केपीए’मध्ये असतो. हेपॅटायटिस सीमध्ये साधारण साडेनऊच्या वर वण बऱ्यापैकी, म्हणजे डॉक्टर ज्याला एफ-३ म्हणतात ते. साडेबाराच्या वर सिरोसिस, म्हणजे एफ-४.

एंडोस्कोपी: अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, म्हणजे ‘व्हॅरिसेस’ दिसल्या असतील तर सिरोसिस जवळपास नक्की.

कुठल्या गोळ्या दिल्या होत्या: सरकारी कार्यक्रमात सिरोसिस नसलेल्यांना सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर बारा आठवडे, सिरोसिस असलेल्यांना सोफोसबुविर आणि वेलपाटासविर, आणि पोटात पाणी वगैरे झालेल्यांना त्यात रिबाव्हिरिन, असा सर्वसाधारण नियम होता. वेलपाटासविरची डबी सापडली तर तो एक इशारा समजा, पुरावा नाही. खाजगीत सरसकट सगळ्यांना वेलपाटासविर दिल्याचीही उदाहरणं आहेत.

यातलं काहीच सापडलं नाही, नुसतं जुनं रक्त तपासल्याचा कागद आहे? तरी काम होतं. ‘फिब-४’ नावाचा एक हिशोब आहे, तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जमतो. वयाला एएसटीने गुणा. एएसटी म्हणजे आपल्या रिपोर्टवरची एसजीओटी. मग एएलटीचं, म्हणजे एसजीपीटीचं, वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटने गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. प्लेटलेट हजारात धरायच्या. आपल्याकडच्या लॅब ‘१.१० लाख’ असं लिहितात, तिथे ११० घ्यायचे. सगळ्यात जास्त चूक याच जागी होते.

समजा, खानापूरकडचे एक मामा आहेत. गोळ्या सुरू करताना वय ५६, एसजीओटी ७२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.१० लाख. ५६ गुणिले ७२ म्हणजे ४०३२. ६४ चं वर्गमूळ ८, गुणिले ११० म्हणजे ८८०. भागाकार आला ४.५८. हा आकडा १.४५ च्या खाली असेल तर वण फार नसावेत, ३.२५ च्या वर असेल तर बरेच असावेत. मामा वरच्या गटात गेले.

आता वर्षभराने मामांनी परत रक्त तपासलं. वय ५७, एसजीओटी ३२, एसजीपीटी २५, प्लेटलेट १.२८ लाख. ५७ गुणिले ३२ म्हणजे १८२४. २५ चं वर्गमूळ ५, गुणिले १२८ म्हणजे ६४०. उत्तर २.८५. मामा खूश, लिव्हर सुधारलं! सुधारलंय ते खरंच, पण आकडा उतरला त्यात मोठा वाटा सूज उतरल्याचा आहे. वण किती गेले हे यातून कळत नाही. फायब्रोस्कॅनचंही तसंच, उपचारानंतर तो आकडा पटकन खाली येतो. नवा आकडा बघून तपासणी बंद करायची नाही. मामांसाठी ४.५८ वर उभं राहायचं.

फिब-४ हा अंदाज आहे. पासष्टीच्या पुढे तो उगाच चढता दिसतो, आणि दोन्ही आकड्यांच्या मध्ये उत्तर आलं तर फायब्रोस्कॅन केल्याशिवाय काही बोलता येत नाही.

यावरून गट पाडा. सिरोसिस होता किंवा आहे: सहामाही तपासणी जन्मभर. एफ-३ होतं: युरोपातले तज्ज्ञ तपासणी चालू ठेवा म्हणतात, अमेरिकेतल्या संस्थांत यावर एकमत नाही. माझं मत विचाराल तर सोनोग्राफीने पेशंटचं काही बिघडत नाही, करत राहावी. पण शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. एफ-० ते एफ-२ (वण नाहीत किंवा कमी), दारू नाही, शुगर नाही, वजन बेताचं: तुम्हाला सहामाही तपासणीची गरज नाही. निवांत राहा आणि तो पैसा दुसऱ्या कामाला लावा. फॅटी लिव्हर, शुगर किंवा दारू असेल तर मात्र सहामाही नसली तरी अधूनमधून डॉक्टरांना दाखवत राहा, कारण लिव्हरवर वण पाडायला ही तीन कारणंही पुरेशी आहेत.

पायरी ३: सहामाही तपासणी नीट करून घ्या

सहा महिनेच का? लिव्हरमधली गाठ दुप्पट व्हायला साधारण काही महिने लागतात. वर्षाने बघितलं तर ती हाताबाहेर गेलेली असू शकते, आणि तीन-तीन महिन्यांनी बघून फारसं जास्त काही सापडत नाही. आपल्या भागात लक्षात ठेवायला सोपं म्हणजे एक गणपती झाल्यावर आणि एक शिमगा झाल्यावर. कारखाने सुरू व्हायच्या आधी एक आणि उसाचा हंगाम आटपल्यावर एक, त्यामुळे शेतकऱ्याला मोकळीकही असते.

सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी जायचं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर आदल्या दिवशीच सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. उपाशीपोटी गोळी घेऊन रांगेत चक्कर येऊन पडलेले लोक मी पाहिलेत.

आत गेल्यावर तोंडाने सांगा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही लिहून आणा: “सिरोसिस आहे, हेपॅटायटिस सीचे उपचार झालेत, लिव्हरमध्ये गाठ आहे का ते बघायचंय.” नुसतं ‘पोटाची सोनोग्राफी’ लिहिलं की मुतखड्यासाठी आलेल्या पेशंटसारखी पाच मिनिटांत उरकते. मागचा रिपोर्ट बरोबर न्या, आणि जमेल तितकं एकाच सेंटरला जा, म्हणजे तुलना करता येते.

रिपोर्ट हातात आल्यावर त्यात ‘फोकल लीजन’, म्हणजे गाठीसारखा वेगळा दिसणारा भाग, आहे की नाही याचं स्पष्ट वाक्य हवं. लिव्हर नीट दिसलं का तेही हवं. पोट सुटलेलं असेल, गॅस असेल तर लिव्हरचा वरचा भाग झाकला जातो आणि रेडिओलॉजिस्ट तसं लिहितात. तसं लिहिलेलं असूनही बाकी ‘नॉर्मल’ वाचून लोक परततात. न दिसलेल्या भागाबद्दल ‘नॉर्मल’ म्हणता येत नाही. अशा वेळी सीटी किंवा एमआरआय लागेल का ते डॉक्टरांना विचारा.

सोबत रक्तातली एएफपी करा. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं हे एक प्रथिन आहे. नुसत्या सोनोग्राफीत लवकरच्या अवस्थेतल्या निम्म्याहून जास्त गाठी निसटू शकतात, एएफपी जोडली की पकड बरीच वाढते. एएफपी साधारण २० च्या आत असावी. उपचाराआधी सुजेमुळे ती थोडी वाढलेली असायची, विषाणू गेल्यावर खाली बसते. म्हणून आता ती ६, मग ११, मग १९ अशी चढत असेल तर तीनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ असले तरी डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. आणि उलटही लक्षात घ्या: एएफपी नॉर्मल आली म्हणून सोनोग्राफी टाळायची नाही. कित्येक लहान गाठी एएफपी वाढवतच नाहीत.

पायरी ४: कुठे जायचं, कुठलं कार्ड चालतं

बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरला केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं, खानापूरकडचे घाट उतरून गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जातात. कुणी हुबळीला. बाहेरच्या राज्यात जाताना तिथल्या सरकारी दवाखान्यात परराज्यातल्या पेशंटला फी लागते का ते आधी विचारून निघा.

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, एपीएल असेल तर पॅकेजच्या खर्चाचा तीस टक्के भाग सरकार उचलतं, वर्षाला दीड लाखापर्यंत. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू केल्याचं जाहीर केलं. त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला. पेशंटने एवढंच करायचं: ज्या हॉस्पिटलात जायचंय तिथल्या योजनेच्या काउंटरला फोन करून आपलं कार्ड, आपलं गाव आणि आपला आजार तिथे बसतो का ते विचारायचं, मग गाडीत बसायचं. या योजना मुख्यतः अॅडमिट होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. सहामाही सोनोग्राफी सरकारी दवाखान्यात स्वस्तात होते, खाजगीत खिशातून.

नोंदणीचा फॉर्म कन्नडमध्ये असला तर लाजू नका, शेजारच्या कुणाला ‘स्वल्प बरदुकोडी’ (जरा लिहून द्या) म्हटलं तरी माणसं भरून देतात. रिपोर्ट मात्र इंग्रजीतच असतात, त्यामुळे फाइल दोन्ही राज्यांत चालते.

फाइलच्या पहिल्या पानावर हाताने चार रकाने आखा: तारीख, सोनोग्राफीत काय, एएफपी किती, प्लेटलेट किती. वर उपचाराआधीचा फिब-४ किंवा फायब्रोस्कॅन ठळक लिहा. सोनोग्राफीचे गुळगुळीत कागदावरचे फोटो उन्हाने, उष्णतेने काळे पडतात, त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सीटी झाला तर सीडी मागून घ्या. पुण्या-बेंगळुरूचे डॉक्टर कागदापेक्षा तीच बघतात.

पायरी ५: गाठ दिसली तर

सिरोसिसच्या लिव्हरमधली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सहसा तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी करतात. एक सेंटिमीटर किंवा मोठी असेल, किंवा एएफपी २० च्या वर गेली, तर थांबायचं नाही. रंगद्रव्य देऊन केलेला ‘ट्रायफेजिक’ सीटी किंवा एमआरआय लागतो. हा शब्द पाठ करा. साधा सीटी करून आलेल्यांना दुसऱ्यांदा खर्च करावा लागतो. या गाठीला रोहिणीतून रक्त जास्त मिळतं, त्यामुळे ती पहिल्या टप्प्यात उजळते आणि नंतर बाकीच्या लिव्हरपेक्षा काळपट होते. हे चित्र सिरोसिसमध्ये इतकं बोलकं असतं की बहुतेकांना तुकडा काढून तपासायची गरज पडत नाही. जाण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या, आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर ते सांगा.

लवकर सापडली तर ऑपरेशन करून काढणं, सुई घालून जाळणं, किंवा लिव्हर बदलणं असे रस्ते मोकळे असतात. लिव्हर बदलण्यासाठी सर्वसाधारण माप म्हणजे एकच गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीनच्या आत. त्यापुढे गेली की गाठीच्या रोहिणीत औषध सोडणं आणि इम्युनोथेरपी अशा उपचारांनी आयुष्य वाढवता येतं, पण मुळासकट काढणं अवघड होतं.

या टप्प्यावर आपल्याकडे कुणीतरी हमखास काविळीचा झाडपाला देणाऱ्याचं नाव सांगतं. सांगणाऱ्याची माया खरी असते. पण त्यात महिने निघून गेले की तीन सेंटिमीटरची पाच होऊ शकते, आणि काही पाल्यांनी सिरोसिसचं लिव्हर थेट निकामी होतं.

सहा महिने थांबायचं नाही अशी लक्षणं

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, पोट अचानक फुगणं, डोळे पिवळे होणं, बोलण्यात भ्रमिष्टपणा. यात त्याच दिवशी हॉस्पिटल. वजन उगाच उतरत असेल किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं बसलं असेल तर त्या आठवड्यात.

घरात करायच्या गोष्टी

दारू पूर्ण बंद. ‘फक्त फेणी, फक्त सणाला’ हेही बंद. विडी, सिगारेट, तंबाखू सोडा. निपाणी पट्ट्यात हे सांगणं अवघड जातं, पण धुराने लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढतो. शुगर ताब्यात ठेवा. हेपॅटायटिस बीची तपासणी झाली नसेल तर करा, निगेटिव्ह असेल तर लशीचे तीन डोस घ्या. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन दुकानातून आणून खाऊ नका. पॅरासिटामॉलही सिरोसिसमध्ये दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, तेही विचारून. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा कॅन्सर कमी दिसतो, तेव्हा आवडत असेल तर बिनसाखरेची खुशाल प्या.

आणि शेंगा. आपल्या जेवणात शेंगाची चटणी रोज असते. पावसाळ्यात ओल धरलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर जी बुरशी येते, तिच्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते लिव्हरच्या कॅन्सरला थेट हातभार लावतं. भाजल्याने ते पुरतं जात नाही. सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे निवडून फेका. पोत्याच्या तळाचे ‘चटणीला चालतील’ म्हणून ठेवू नका. शेंगा खडखडीत वाळवून उंचावर ठेवा.

तपासणी थांबवायची कधी

जन्मभर म्हणजे अगदी शेवटच्या दिवसापर्यंत असं नाही. गाठ सापडली तर ऑपरेशन, जाळणं किंवा लिव्हर बदलणं यातलं काहीच झेपणार नाही इतकं वय किंवा दुसरे आजार झाले असतील, तर दर सहा महिन्यांनी आजोबांना जीपमध्ये घालून बेळगावला नेण्यात त्यांचा फायदा नाही. हा निर्णय घरच्यांनी परस्पर घेऊ नये. डॉक्टरांसमोर बसून, आजोबांनाही विचारून घ्यावा. आणि तोपर्यंतच्या तारखा चुकवू नयेत.